त्याची काही हरकत नाही

"माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. हॅलो नाही, कोण बोलतंय ते नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही. फोन दवाखान्यातला, टेबलावरचा. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ध्वनिबंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसलेले एक आजोबा. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच मी त्यांना सांगितलेलं. मी आवाज सोडलाच नव्हता, तरी त्यांनी बोट वर केलं. ऐकू येईनासं झालं की माणसं अशी अंदाजाने बोटं वर करतात, नापास व्हायची भीती वाटते त्यांना. "तुझ्या पिस्तुलाच्या अर्जाबद्दल बोलतोय," तो सावकाश सांगत होता, "परवाना विभागाची नोटीस आली मला. सोबत तुझ्या अर्जाची प्रत. मी लिहून देतोय, हरकत नाही म्हणून. तू काळजी करू नकोस. आई बऱ्या आहेत ना? तिसरा मजला म्हणजे जिने चढताना त्रास होत असेल त्यांना." मी फोन ठेवला. आजोबांचं बोट अजून वरच होतं. मी काचेतून त्यांच्याकडे बघून हसले, मान हलवली आणि पुढचा सूर सोडला. मला जे काय झालं होतं ती भीती नव्हती. भीती मला लांबून ओळखू येते, लग्नानंतरची सगळी वर्षं तिच्याशीच तर संसार केला. हा राग होता, आणि गंमत म्हणजे त्यातला पहिला राग त्याच्यावर नव्हताच. मी आजोबांचा डावा कान पुरा केला, मग उजवा, आलेख काढला, त्यांच्या सुनेला कानाचं यंत्र कसं लावायचं ते नीट समजावून सांगितलं, आणि मग हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नवऱ्याचं घर सोडल्यापासून वर्षभरात मी काय काय केलं नव्हतं. नंबर बदलला. जुनी नोकरी सोडून या आडबाजूच्या दवाखान्यात लागले. आईला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आले, दारावर पाटी लावली नाही, मावशीलासुद्धा पत्ता द्यायचा नाही म्हणून आईला बजावलं, तेव्हापासून मावशी रुसलीय ती अजून रुसलेलीच आहे. घरी जाताना एक थांबा आधी उतरून उलट्या बाजूने चालत जायची मला सवय लागली होती. आणि ज्यांच्याकडे मी संरक्षण मागायला गेले त्यांनी हे सगळं, घर, मजला, नोकरीचं ठिकाण, मला त्याची भीती वाटते हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, एका पाकिटात घालून, शिक्का मारून त्याच्या हातात नेऊन दिलं. पोहोचल्याची सहीसुद्धा घेतली असेल. अंगाचा तिळपापड होतो म्हणतात तो मला त्या नळाशी पहिल्यांदा कळला, आधी ते मला नुसतं बोलण्यातलं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि परवाना विभागात गेले. चौकशीचे साहेब मला ओळखत होते, घरी येऊन गेले होते. जाडसर माणूस, चष्मा कायम कपाळावर, बोलणं गोड. मला बसायला सांगितलं. "नियम आहे, ताई," ते म्हणाले. "गेल्या काही वर्षांत अर्जदाराबरोबर जो जोडीदार एका घरात राहिला असेल त्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही." "पण साहेब, मी त्याच्याच भीतीने अर्ज केलाय. कारण म्हणून तेच लिहिलंय." "वाचलं की मी." "मग?" त्यांनी समजूत घालायचा आवाज काढला. "अहो, हा नियम बायकांसाठीच केलाय. नवरे येतात, परवाना मागतात. पूर्वी बायकोला कोण विचारायचं? मग व्हायचं ते होऊन बसायचं आणि आम्ही पंचनामे करत फिरायचं. म्हणून ठरलं, आधी बायकोला विचारा. चांगला नियम आहे." "आणि बायकोनेच अर्ज केला तर?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्याकडे जरा बघितलं. "नियमात जोडीदार असं म्हटलंय," ते म्हणाले.

तिडीक आली ती याची. नियम मूर्खपणाचा असता तर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालून मोकळी झाले असते. पण नियम खरंच चांगला होता. मला कुणी विचारलं असतं तर मीही हाच केला असता. एखाद्या चांगल्या बाईने कुठेतरी भांडभांडून तो करून घेतला असेल, आणि आता तोच माझ्या गळ्यात आला होता. मी ओरडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता. पण ओरडता येत नव्हतं, कारण अर्जदाराचा स्वभाव हा त्यांच्या चौकशीतला एक मुद्दा असतो. तापट माणसाला पिस्तूल देत नाहीत. हेही बरोबरच आहे. म्हणजे ज्या बाईला इतका राग आलाय की ती पिस्तूल मागायला आली, तिने राग आलेलाच नाही असं दाखवत महिनेन् महिने बसून राहायचं. मी म्हटलं, "ठीक आहे साहेब." ते म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात." बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते, त्यांना शिकारीसाठी बंदूक हवी होती, आणि ते खिडकीतल्या माणसावर मोठमोठ्याने खेकसत होते. त्यांना कुणी काही बोललं नाही.

स्वभावाचं हे साहेब घरी आले तेव्हाच सुरू झालं होतं. पिस्तूल ठेवायचं कपाट बघितलं, कुलूप ओढून बघितलं, घरात लहान मूल नाही ना हे विचारलं, आणि मग वही उघडून मला म्हणाले, "राग येतो का तुम्हाला?" डॉक्टरने मधुमेह आहे का विचारावं तसं. मी म्हटलं, "नाही." "कधीच?" "शांत आहे मी." खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही त्यांनी विचारलं, जिन्यातून ऐकू येत होतं. "कोण, त्या वरच्या? अगदी गरीब गाय आहे हो. घरात माणूस राहतं की नाही तेसुद्धा कळत नाही." मला बरं वाटायला हवं होतं. उलट नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि आई तर आई. साहेबांपुढे चहा ठेवत म्हणाली, "लहानपणी तापट होती बरं का. ताटावरून उठून जायची, चमचे फेकायची. लग्न झालं आणि अगदी निवळली." लग्न झालं आणि निवळली. साहेबांनी ते समाधानाने लिहून घेतलं. आईच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला वाटलं आपण लेकीची बाजूच मांडतोय. मी चमच्याने चहा ढवळत राहिले, साखर कधीच विरघळली होती.

निवळले म्हणजे कशी, ते आईला मी कधी सांगितलं नाही. तो जनावरांचा डॉक्टर. आमच्या जुन्या भागात त्याला सगळे देवमाणूस म्हणत. पिसाळल्यासारखं करणारं कुत्रं त्याच्या टेबलावर आलं की मुकाट व्हायचं, मालक डोळे पुसायचे. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, मुक्या जनावरांवर इतकी माया करणारा माणूस बायकोला किती जपेल. जपलंच त्याने. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. पहिल्या वेळी आम्ही स्वयंपाकघरात होतो, मी कशावरून तरी वाद घालत होते, कशावरून तेही आता आठवत नाही, काहीतरी फालतू, नळाची गळती किंवा त्याच्या बहिणीचं येणं. तो ताट पुसत होता. त्याने फडकं खांद्यावर टाकलं, जवळ आला आणि माझ्या जबड्याखाली बोटं टेकवली. चेहऱ्यावर राग नव्हता. तो माझ्याकडे बघतही नव्हता, माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, आणि तोंडाने हळू म्हणत होता, झालं, झालं. मी कानांचं काम करते, म्हणून मला त्यातलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते आवाजाचं. आधी बारीक आवाज गेले, नळाचं ठिबकणं, बाहेरची चिमणी. फ्रिजची घरघर मागे राहिली. मग तीही गेली. मला जाग आली तेव्हा मी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली होते, पाय सरळ केलेले, डोक्यामागे घडी घातलेलं फडकं, आणि तो उरलेली ताटं हाताने निथळत ठेवत होता. "बरं वाटतंय?" त्याने विचारलं. खूण उमटली नव्हती. त्यानंतर कितीदा झालं ते मी मोजलं नाही. पुढेपुढे त्याने नुसतं फडकं खांद्यावर टाकलं तरी मी बोलायची थांबायचे. हेच ते निवळणं.

घर सोडल्यावर मी चौकीत गेले होते. टेबलावरच्या माणसाने लिहायला सुरुवात केली आणि विचारलं, "मारलं का?" मी म्हटलं, "नाही. धरलं." "धरलं म्हणजे?" "धरलं. शुद्ध गेली माझी." "खूण?" "नाही." "म्हणजे मारलं नाही," तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आमच्याकडच्या कुत्र्यालाही डॉक्टरच बघतात. रात्रीबेरात्री बोलवा, येतात." पुढे नवरा माझ्या जुन्या दवाखान्यासमोर येऊन उभा राहायला लागला. नुसता उभा, हात खिशात. मी पुन्हा चौकीत गेले, तर म्हणाले रस्त्यावर उभं राहण्याला कायद्यात काय करणार. तेव्हा मी घर आणि नोकरी बदलली आणि अर्ज केला. पिस्तुलाची मला हौस नाही. बंदुकीने गेलेले कान मी रोज तपासते, निवृत्त शिपाई, शिकारी, लग्नात हवेत बार उडवणारे हौशी काका, सगळ्यांच्या आलेखात त्याच ठिकाणी तोच खड्डा. पण शिकल्याचा दाखला लागतो म्हणून मैदानावर गेले, कान झाकून पहिली गोळी झाडली, आणि शिकवणारा म्हणाला, तुमचा हात चांगला स्थिर आहे. मला आवडलं ते. लांब पुठ्ठ्यात भोक पडलेलं बघून छातीतलं काहीतरी सैल झालं. आणि ते आपल्याला आवडलं याचाही मला घरी येईपर्यंत राग येत राहिला, कारण मी तशी बाई नव्हते, मला तशी करून ठेवली होती.

फोन येऊन गेल्यावर मी आईला सांगितलं नाही. तिला घाबरवून काय करायचं, असं वाटलं. ते चुकलंच. त्याच आठवड्यात संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर दोन कप पालथे घातलेले. आम्ही दोघी चहा प्यायलो की कप तसेच राहतात, पाहुणा येऊन गेला तरच आई लगेच धुते. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "ते आले होते." अजून ते. अजून आदराने. "तू दार उघडलंस?" "अगं, दारात उभे होते. म्हणाले सहीच्या कामासाठी आलोय, तुमच्या लेकीचं काम अडायला नको. काय करणार मी?" "आत घेतलंस." "घेतलं." "चहा केलास." आई खुर्चीत बसली. तिचे हात मांडीवर नीट ठेवलेले होते. "नाही म्हणता येईना गं," ती म्हणाली. "इतके शांत बोलत होते. माझ्या गुडघ्याला हात लावून बघितलं त्यांनी, कुठे दुखतं विचारलं. आणि मला उठताच येईना. चहा करते म्हणून मी आत पळाले." तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक होतं, काय ते नाही, पण काहीतरी ठाऊक होतं, बरंच आधीपासून. तिच्यावर मी ओरडले. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर नाही, साहेबांवर नाही, चौकीतल्या टोपणवाल्यावर नाही, घरातल्या म्हाताऱ्या बाईवर, जिचे पाय जिन्यात दुखतात. खालच्या बाईंनाही ऐकू गेलं असेल. ती रडली नाही, म्हणाली, "बोल. बोलून घे." त्याने मला आणखीच चीड आली आणि मग मी तिच्या शेजारी बसले. त्या घरात आता तो येऊन बसून गेला होता. कोणत्या खुर्चीत ते मी विचारलं नाही.

मग साहेबांचा निरोप आला. डॉक्टरांचं लेखी आलंय, फक्त समक्ष खात्री करायची, दोघांनी या. वेगळं वेगळं बोलावता येणार नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. मी गेले. खोली लहान, एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीखाली फायलींचा ढीग. तो माझ्या आधी येऊन बसला होता आणि साहेब त्याला आपली कुत्री खात का नाही ते विचारत होते. तो लक्ष देऊन ऐकत होता, दोन दिवस दूध बंद करा म्हणत होता. मला बघून उठून उभा राहिला, माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. मी दुसरी घेतली. "बारीक झालीस," तो म्हणाला.

साहेबांनी त्याचं लेखी मोठ्याने वाचलं. अर्जदार सुस्वभावी, मनमिळाऊ, हळवी आहे. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिला सुरक्षित वाटावं ही माझीही इच्छा आहे, सबब परवाना देण्यास हरकत नाही. वाचून झाल्यावर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी फक्त एक सुचवेन," तो म्हणाला. "ती लवकर घाबरते. हातात पिस्तूल आलं की सुरुवातीला कुणीतरी जबाबदार माणूस सोबत असावा. दुसरं कुणी नसेल तर मी तिच्याकडे जात जाईन." त्याच्या तोंडावर नेहमीचं ते सोसणाऱ्या माणसाचं हसू होतं. साहेबांनी खरंच भारावून माझ्याकडे बघितलं. "आता याला काय म्हणायचं, ताई?" ते म्हणाले. "हा माणूस, आणि तुम्हाला भीती याची. मी तुमच्याच बाजूने विचार करतोय. पण वर पाठवताना मला लिहावं लागेल, धोका कुणापासून. यांच्यापासून म्हणून लिहिलं तर वरचे हसतील मला. आणि धोकाच नसेल तर परवाना कशाला, असं म्हणून अर्ज निकालात काढतील." म्हणजे तसं होतं. त्याने हरकत घेतली असती तर मी निदान भांडले असते. त्याने हरकत घेतली नाही, आणि तेवढ्याने माझं कारणच नाहीसं झालं.

"त्याच्यापासूनच," मी म्हटलं. "मारलं का यांनी?" "नाही." "मग?" "धरलं." साहेबांनी सुस्कारा टाकला, आणि बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाले, "कसं?" इतक्या दिवसांत कसं असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीशी गेले आणि त्यांच्या जबड्याखाली बोटं टेकवली. "असं," मी म्हटलं. मला माहीत होतं की अर्ज आता गेला. सरकारी माणसाच्या गळ्याला हात लावणाऱ्या बाईला पिस्तूल कोण देणार. जाऊ दे, म्हटलं. इतके दिवस दाबून धरलेला सगळा राग त्या बोटांत आला होता आणि मी जोर लावला. साहेब आधी मागे सरकले, मग अवघडून हसले. "ताई, यात काय होतंय? काहीच होत नाही," ते म्हणाले. आणि खरंच काही होत नव्हतं. माझी बोटं त्यांच्या गळ्यावर नुसती रुतत होती, त्यांचा सकाळी दाढी केलेला गळा गरम होता, आणि मी एक वेडी बाई दिसत होते. मी आणखी दाबलं. ते म्हणाले, "पुरे आता."

"थोडं मागे," तो म्हणाला. हळू, नेहमीच्या त्या आवाजात. "जबड्याच्या कोपऱ्याशी घे. अंगठा मोकळा सोड."

साहेबांचं हसू गेलं. माझ्या बोटांखाली त्यांनी आवंढा गिळलेला मला कळला. माझा हात बाजूला न करता त्यांनी मान जराशी वळवली आणि त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कुणी विचारलं?" ते म्हणाले. "नाही, म्हणजे," तो म्हणाला, अजून त्याच्या लक्षात आलं नव्हतं, अजून तो माझ्या बोटांकडेच बघत होता, कपाळावर आठी, शिकाऊ डॉक्टर चुकला की त्याच्या कपाळावर पडते ती. "चुकीच्या जागी दाबतेय ती. तिथे नुसतं दुखतं." मग त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. बाहेर खिडकीवर कुणीतरी मोठ्याने नंबर पुकारत होतं.

मी हात काढला. माझा राग गेला, मोकळं वाटलं, असं काही झालं नाही. उलट तो आता कुठे पुरता चढला होता, कारण मी वर्षभर तेच सांगत होते, शब्द न बदलता, आणि ते खरं ठरायला शेवटी त्याचंच तोंड लागलं. साहेब गळा चोळत होते. त्यांनी त्याला बाहेर जाऊन बाकावर थांबायला सांगितलं, जायचं नाही म्हणाले, या वेळी डॉक्टरसाहेब म्हणाले नाहीत. तो उठला, आपली खुर्ची टेबलाखाली नीट सारली आणि बाहेर गेला. दार लागल्यावर साहेबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "पाणी घ्या, ताई," ते म्हणाले. "नको," मी म्हटलं. "आधी लिहा."